मस्कारीला थंडी हवी, युरिया नको

पोळ्यापासून आलेली पत्रं समोर आहेत. लिंबाच्या खैऱ्या रोगाचं एक आणि सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचं एक पत्र सोडलं, तर बाकी जवळजवळ सगळ्यांनी एकाच फुलाबद्दल विचारलंय : ग्रेप हायसिंथ, म्हणजेच मस्कारी. वीतभर दांड्यावर निळ्या मण्यांचा घोस असलेलं हे फूल मोबाइलवर दिसतं, मनात भरतं आणि मग आपल्या वऱ्हाडातल्या, नागपूर-वर्ध्याकडच्या अंगणात रुसून बसतं. या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. सप्टेंबरच्या अंकातच देण्याचं कारण असं, की या फुलाची सगळी तयारी दसऱ्याच्या आसपास करावी लागते. नंतर वाचून उपयोग नाही. लिंबाला आणि सोयाबीनला थेट पत्रानं उत्तर पाठवलं आहे.

प्रश्न : महिला मंडळासोबत काश्मीरला गेले होते. श्रीनगरच्या ट्युलिप बागेत ट्युलिपच्या वाफ्यांजवळ ही निळी फुलं पाहिली आणि तिथून हलावंसं वाटेना. मागच्या दिवाळीत ऑनलाइन या फुलाचे कांदे मागवले. वावरातली काळी माती आणली, शेणखत घातलं, महिन्यानं चिमूटभर युरियाही दिला. पानं एवढी फुटली की सासूबाई म्हणाल्या, ही तर कांद्याची पात. फूल मात्र एकही नाही. मार्च लागला आणि पानंही वाळली. कुठे कमी पडले?
— एक भगिनी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुम्ही कुठेच कमी पडल्या नाहीत. थंडी कमी पडली. पानं यायला या कांद्याला थंडी लागत नाही, फुलाला लागते. म्हणून पात भरघोस आणि दांडा गायब, असं झालं.

मस्कारी मूळची ग्रीस, तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातली. तिथे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतं, वसंतात फूल येतं आणि उन्हाळा कोरडा जातो. त्या कोरड्या उन्हाळ्यात कांदा जमिनीखाली झोपलेला दिसतो, पण आतून तो कामाला लागलेला असतो. पुढच्या वर्षीची कळी तो तेव्हाच घडवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हातात आलेला चांगला पोसलेला कांदा उभा चिरून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध, अगदी तळाशी, कोवळ्या पानांच्या कुशीत कळ्यांचा बारीक गोळा दिसतो. म्हणजे फूल तुम्ही विकतच आणलेलं असतं. खत घालून ते तयार करायचं नसतं, त्याला बाहेर काढायचं असतं. त्यासाठी कांद्याला साधारण ४ ते ७ अंश सेल्सिअसची थंडी सलग १२ ते १४ आठवडे मिळावी लागते. ती मिळाली नाही तर दांडा लांबत नाही, आणि कळी पानांच्या बुडाशीच सुकून जाते.

आपल्या खायच्या कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात ते तुम्ही पाहिलेच असतील. तेही थंडीचंच काम. बुलढाण्याकडे बियाण्यासाठी मातृकांदा लावणारे शेतकरी याच थंडीच्या भरवशावर दिवाळीच्या पुढेमागे लागवड करतात. आपल्या हिवाळ्यातली थंडी त्या कांद्याला पुरते. मस्कारीची भूक मोठी आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा बहुधा १० ते १४ अंशांवर येतो, एखादी लाट आली तर त्याखालीही जातो, पण दुपारी पुन्हा २८-३० वर चढतो. कुंडीतली माती दिवसभर तापते. रात्री जेवढं कमावलं तेवढं दुपारी जातं.

मग ही थंडी आणायची कुठून? घरच्या फ्रिजमधून. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही आणि विदर्भात तो असेल असं वाटतही नाही. मी आर्वीकडे दर हिवाळ्यात ज्या रीतीनं करते ती सांगते.

कांदे हातात आले की एकेक चाचपून पाहायचा. दाबून पिचणारा किंवा बुडाशी बुरशी धरलेला बाजूला काढायचा. मग एका डब्यात मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्यायचं, त्यात कांदे टोक वर करून बसवायचे, झाकणाला भोकं पाडायची आणि डबा फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवायचा. बर्फाच्या कप्प्याजवळ नको. कांदा गोठला की संपला. कोरडे कांदे कागदी पिशवीत ठेवले तरी थंडी लागते, पण ओलसर कोकोपीटमध्ये थंडीतच पांढरी मुळं फुटतात आणि कुंडीत गेल्यावर झाड अडखळत नाही, म्हणून मला हीच रीत पसंत आहे. दर पंधरवड्याला झाकण उघडून पाहायचं. कोकोपीट सुकलं असेल तर पाण्याचा हात फिरवायचा, एखादा कांदा सडत असेल तर तो काढून टाकायचा.

दसऱ्याच्या सुमारास आत गेलेला डबा पौषात, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाहेर येतो. याहून उशीर करू नका. फ्रिजमधून निघाल्यावर फुलायला तीन ते चार आठवडे लागतात आणि फेब्रुवारी निम्मा सरला की आपल्याकडे ऊन चावायला लागतं. फूल त्याच्या आत उरकलं पाहिजे.

वावरातली काळी माती मात्र कुंडीत घेऊ नका. कापसाला, तुरीला ती सोन्यासारखी आहे, पण पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगाळते. फुगल्यावर कांदा कुजतो, भेगाळल्यावर मुळं तुटतात. दोन भाग मुरमाड लाल माती, एक भाग रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत घ्या. रेती मिळत नसेल तर गिट्टी खदानीची बारीक चुरी धुऊन चालते. सहा इंची कुंडीत आठ-दहा कांदे दाटीनं बसवा, एकमेकांना टेकणार नाहीत एवढंच अंतर ठेवा. एकटादुकटा कांदा लावला तर फूल हरवल्यासारखं दिसतं. कांद्यावर दोन बोटं माती. युरिया नको. युरियानं पात माजते, तुमच्याकडे तेच झालं.

डब्यातून काढून कांदे लावलेली कुंडी लगेच उन्हात ठेवू नका. कोंब पिवळट असतात. चार-पाच दिवस घरातल्या सगळ्यात गार खोलीत राहू द्या, हिरवे झाले की सकाळचं कोवळं ऊन द्या आणि दहाच्या पुढे सावलीत घ्या. रात्री कुंडी अंगणात उघड्यावर ठेवा, दव पडू द्या, सकाळी पुन्हा ओसरीत. एवढी ने-आण केली की फूल दोन-चार दिवस जास्त राहतं. आमची ओसरी उत्तरेला तोंड करून आहे, तिथे दुपारीही ऊन येत नाही. तुमच्या घरी अशी जागा असेल तर तीच निवडा.

आणि फूल आलं की जवळ बसून पाहा. प्रत्येक मणी म्हणजे तोंडाशी आवळलेली इवलीशी सुरई असते, आणि त्या तोंडाला पांढरी किनार असते. खालचे मणी आधी उमलतात. शेंड्यावरचे फिके, आकाशी मणी कधी बी धरत नाहीत. ते मधमाश्यांना लांबून बोलावण्यासाठी असतात. वास मंद, गोडसर. तो दुपारी सापडत नाही, सकाळी उन्हं येता येता कुंडीजवळ वाकलात तर सापडतो.

प्रश्न : आमच्याकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची संत्री उतरतात त्या दिवसांत फ्रिजमध्ये संत्री, सीताफळं, पेरू, जे असेल ते भरलेलं असतं. फुलांचे कांदे त्यातच ठेवले तर चालतील? घरात चार सुना आहेत, प्रत्येकीचा फ्रिजमध्ये हात असतो.
— एक वाचक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांचं फूल इथेच मरतं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. आंब्याच्या अढीत एक फळ पिकलं की बाकीची भराभर पिकतात, ती त्याच वायूमुळे. कांद्याच्या पोटातल्या कोवळ्या कळीला हा वायू मारतो. कांदा बाहेरून टणक राहतो, पानंही काढतो, पण आतली कळी तपकिरी होऊन वाळलेली असते. महिनोन् महिने सांभाळल्यावर हे कळतं, म्हणून आधीच जपायचं.

सीताफळ, पेरू, केळी, चिकू, सफरचंद आणि टमाटर ही वायू सोडणारी मंडळी. दसरा-दिवाळीत आपल्याकडे सीताफळाची रेलचेल असते, तेवढे दिवस ती फ्रिजबाहेर टोपल्यातच ठेवा. चांगलं, निरोगी संत्रं हा वायू फार थोडा सोडतं. पण संत्र्यावर हिरवी बुरशी चढली की गोष्ट बदलते, कारण ती बुरशी स्वतःच इथिलीन तयार करते. तुम्ही बागायतदार आहात, हिरवी भुकटी धरलेलं संत्रं तुम्हाला दुरून ओळखू येतं. असं एकही फळ त्या फ्रिजमध्ये राहता कामा नये. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), गाजर, मुळा शेजारी असले तर काही बिघडत नाही.

दुसरी काळजी तुमच्या घरातल्या सुनांची नाही, कांद्याची आहे. मस्कारीचा कांदा मोठ्या बोराएवढा, तपकिरी सालीचा, भाजीतल्या बारीक कांद्यासारखाच दिसतो. डब्यावर ठळक अक्षरांत लिहा : ‘फुलाचे कांदे, खायचे नाहीत’. खाली आत ठेवल्याची आणि बाहेर काढायची तारीख लिहा. दक्षिण इटलीत मस्कारीच्याच जवळच्या एका जातीचे कडवट कांदे उकळून, तेलात मुरवून आवडीनं खातात हे खरं आहे. पण आपल्या हाती येणारे कांदे शोभेचे असतात आणि त्यांना बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. ते स्वयंपाकात जाऊ देऊ नका, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वीज चार-सहा तास गेली तर घाबरू नका, फक्त तेवढा वेळ फ्रिजचं दार उघडू नका. डबा ओल्या पोत्यात गुंडाळून बाहेर ठेवायची वेळ आली तर ती एखाद्या रात्रीपुरतीच.

प्रश्न : माझी वहिनी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तिथल्या लशींच्या फ्रिजचं तापमान बरोबर २ ते ८ अंश असतं आणि वीज गेली तरी तो थंड राहतो. तिथे कांद्यांचा डबा ठेवता येईल का?
— एक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. तापमान नेमकं हवं तेवढं आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण त्या फ्रिजमध्ये लशींखेरीज काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. दर वेळी दार उघडलं की लशीचं तापमान हलतं, आणि त्या लशी गावातल्या तान्ह्या पोरांच्या आहेत. वहिनीला अडचणीत टाकू नका. घरच्या फ्रिजमध्ये भाजीचा एक खण मोकळा करा, काम होतं.

प्रश्न : इंटरनेटवर मस्कारीच्या बियांचं पाकीट फार स्वस्तात मिळालं. फोटोत निळी, जांभळी, गुलाबी, लाल अशी सगळी फुलं होती. पेरलं तर काही उगवलं नाही. कांदे महाग पडतात. बियांवर पुन्हा प्रयत्न करावा का? माझा भाचा नेदरलँड्समध्ये असतो, त्याला बॅगेत कांदे आणायला सांगू का?
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : बियांच्या पाकिटांवर एक रुपयाही घालवू नका. खरं ताजं बी मिळालं तरी त्याला आधी थंडी लागते, मग गवतासारखं एक पान फुटतं, आणि त्या रोपाचा फूल धरण्याजोगा कांदा व्हायला तीन-चार वर्षं जातात, तीही थंड मुलखात. आपल्या उन्हाळ्यात एवढंसं रोप पहिलं वर्षही काढत नाही. लाल मस्कारी तर जगात नाही. निळ्याच्या अनेक छटा आहेत, आकाशी आहे, पांढरी आहे, अलीकडे फिकट गुलाबीही मिळते. ज्या पाकिटावर लाल फुलाचा फोटो आहे त्या पाकिटात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कांदे घेताना घेर विचारा. परदेशातून येणारे कांदे घेरावर प्रतवारी करून विकतात. मस्कारीसाठी ८ सेंटिमीटर किंवा जास्त घेराचा कांदा घ्या. त्याहून लहान कांद्यात कळी असतेच असं नाही. भारतात हे कांदे बहुतेक सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये विक्रीला येतात. नोव्हेंबरमध्ये हाती पडले तर बारा आठवडे मोजून पाहा, फेब्रुवारी उजाडतो. म्हणून मागणी आत्ता नोंदवा आणि कधी पाठवणार ते स्पष्ट विचारून घ्या. विक्रेता ‘आधीच थंडी दिलेले कांदे’ म्हणत असेल तर किती आठवडे दिली तेही विचारा आणि उरलेले आठवडे घरी भरून काढा.

भाच्याला तिथल्या कॉकेनहोफ बागेत मस्कारीचे निळे पट्टे जरूर पाहू द्या, फोटो मागवा, पण बॅगेत कांदे आणायला सांगू नका. परदेशातून कंद, बी, रोप आणायचं तर आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे २००३ सालचा वनस्पती विलगीकरणाचा आदेशच तसा आहे. मातीतून, सालीतून एखादा सूत्रकृमी किंवा बुरशी आली तर ती भाच्याच्या मामीच्या कुंडीत थांबत नाही, शेजारच्या वावरात जाते.

प्रश्न : फूल येऊन गेल्यावर कांदे जमिनीतच ठेवले तर पुढच्या वर्षी पुन्हा येतील ना? निशिगंध तर आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो.
— एक भगिनी, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, इथे मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. आपल्याकडे मस्कारी एका हंगामाचं फूल समजून लावा. शेवंतीची कुंडी आणतो, फुलं बघतो आणि समाधान मानतो, तसं.

निशिगंध मेक्सिकोचा. त्याला उन्हाळा आवडतो आणि पाऊस झेपतो. मस्कारीचं उलट आहे. तिच्या मायदेशी ती जागी असते तेव्हा पाऊस पडतो आणि झोपते तेव्हा कोरडं असतं. आपल्याकडे ती झोपलेली असते तेव्हा मृगाचा पाऊस येतो. जून ते सप्टेंबर ओल्या, उबदार मातीत झोपलेला कांदा सडतो. त्याआधी मे महिन्याचे ४५ अंश असतात. शिवाय फूल गेल्यावर पानांनी सहा-आठ आठवडे गारव्यात काम करून कांदा पुन्हा भरायचा असतो, तेवढे दिवस आपला मार्च-एप्रिल देत नाही. पानं लवकर पिवळी पडतात आणि कांदा पोटानं रिकामा राहतो.

तरीही जीव गुंतला असेल तर एवढं करा. फूल सुकलं की फक्त दांडा खुडा, पानं कापू नका, वेणीसारखी बांधूही नका. कुंडी सावलीत ठेवून पानं हिरवी आहेत तोवर पाणी देत राहा. पूर्ण वाळली की कांदे काढा, माती झटका, कोरड्या रेतीत किंवा राखेत घालून घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. कूलरचा ओला वारा त्यावर येऊ देऊ नका. दसऱ्याला चाचपून पाहा. जे टणक असतील ते पुन्हा फ्रिजमध्ये. त्यातल्या काहींना बारीकसं फूल येतं, काहींना नुसती पात.

प्रश्न : जलपर्णीलाही इंग्रजीत हायसिंथच म्हणतात. आमच्या गावतलावाचं तिनं वाटोळं केलंय. ही मस्कारी तशीच पसरणार नाही ना?
— एक सरपंच, भंडारा जिल्हा

उत्तर : नाही, भाऊ. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली पाणवनस्पती आहे, तिचा मस्कारीशी काही संबंध नाही. मस्कारी युरोपात आणि अमेरिकेत हिरवळीत पसरते खरी, पण आपला उन्हाळा आणि पावसाळा तिला पाय पसरू देत नाही. बिनधास्त लावा. आणि तलावातली जलपर्णी फुलं धरण्याआधी काढा, तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

प्रश्न : मी मेळघाटातल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. चिखलदऱ्याजवळ असल्यानं आमच्याकडे थंडी चांगली पडते. शाळेच्या वाफ्यात फ्रिजशिवाय मस्कारी येईल का? पोरांना दाखवायचं आहे.
— एक शिक्षक, चिखलदरा तालुका, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात कॉफी होते ती याच गारव्यामुळे. पण कॉफीला पुरेल तो गारवा वेगळा आणि मस्कारीला लागणारी थंडी वेगळी. तुमच्याकडेही दिवस तापतात आणि कडाक्याची थंडी मोजकेच आठवडे टिकते. म्हणून कांद्यांना थंडी फ्रिजमध्येच द्या, शाळेत नसेल तर गावात कुणाच्या तरी. तुमचा फायदा पुढे आहे. कांदे बाहेर काढल्यावर आम्हा खालच्यांकडे फूल आठवडा-दहा दिवस टिकतं, तुमच्याकडे त्याहून बरंच जास्त टिकेल, दांडाही लांब येईल.

पोरांसाठी एक प्रयोग सुचवते. निम्मे कांदे फ्रिजमध्ये ठेवा, निम्मे तेवढेच दिवस कागदी पिशवीत वर्गातल्या कपाटात. एकाच दिवशी, सारख्याच मातीत, शेजारी शेजारी दोन कुंड्यांत लावा. पोरांना दर सोमवारी पट्टीनं पानांची आणि दांड्याची लांबी मोजून वहीत लिहू द्या. फ्रिजची कुंडी फुलेल आणि कपाटाची नुसती पातीवर राहील. मग कपाटातला एक कांदा उभा चिरून आतली सुकलेली कळी भिंगातून दाखवा. त्याच आठवड्यात गावातल्या कुणाच्या कांद्याच्या वाफ्यात डेंगळे आले असतील तर पोरांना तिकडेही न्या. एका दुपारी एवढं सगळं शिकवून होतं.

प्रश्न : आमच्याकडे फ्रिज नाही आणि इतका खटाटोप जमणारही नाही. पण वसंतात अंगणात कांद्याची फुलं असावीत आणि काहीतरी निळं असावं, एवढी इच्छा आहे. माठातल्या पाण्याचा किंवा बर्फाचा काही उपयोग होईल का?
— एक आजी, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आजी, कुंडीत बर्फाचे खडे टाकून काही होत नाही. ते तासाभरात विरघळतात आणि कांद्याला फक्त ओल मिळते. माठाशेजारचा गारवाही मस्कारीला पुरत नाही. पण तुमची इच्छा दुसऱ्या वाटेनं पुरी होते, आणि त्या फुलांवर माझा मस्कारीपेक्षाही जास्त जीव आहे, कारण ती एकदा आली की घरची होतात.

निळ्यासाठी दिवाळी झाल्यावर, रात्री गार व्हायला लागल्या की लार्कस्परचं आणि कॉर्नफ्लॉवरचं बी थेट वाफ्यात पेरा. लार्कस्परला उचलून लावलेलं आवडत नाही, म्हणून जागेवरच पेरा आणि दाट झालं तर विरळणी करा. संक्रांतीनंतर निळे-जांभळे तुरे येतात, मस्कारीपेक्षा तिप्पट-चौपट उंच. लार्कस्परचं बी विषारी असतं, उरलेलं पाकीट नातवंडांपासून दूर ठेवा, आणि शेळ्या वाफ्यात शिरत असतील तर काट्या लावा. निळा साल्व्हिया याहून सोपा. तो रोपवाटिकेतून आणा, कापत राहिलात तर महिनोन् महिने फुलतो.

कांद्याच्या फुलांत पहिला मान लाल लिलीचा, जिला नर्सरीवाले अमरेलिस म्हणतात. गावात कुणाच्या तरी न्हाणीजवळ ती असतेच, एक कांदा मागून आणा. निम्मा कांदा मातीवर राहील असा लावा. मार्गशीर्ष-पौषात पाणी तोडा, माघात पुन्हा द्या. पानांच्या आधी किंवा पानांबरोबर जाड पोकळ दांडा निघतो आणि त्यावर कर्ण्यासारखी मोठी फुलं येतात. तिला थंडी लागत नाही, पाण्याचा ताण पुरतो.

त्यानंतर मे फ्लॉवर. सगळं अंगण भाजून निघतं त्या दिवसांत जमिनीतून नुसता दांडा निघतो आणि त्यावर लाल केसरांचा मोठा चेंडू उमलतो. हा कांदा आफ्रिकेतला, पण आपल्या उन्हाळ्याला पुरून उरतो. जिथे लावाल तिथेच राहू द्या, दरवर्षी उकरू नका, उकरल्यावर तो एखादं वर्ष फुलत नाही. आणि पहिल्या पावसानंतर चार-पाच दिवसांत गुलाबी, पांढरी पाऊसलिली येते. तिचे कांदे लसणाच्या कुड्यांसारखे झपाट्यानं वाढतात, वाफ्याची सगळी कड भरून काढतात. निशिगंधाचं तर मी वेगळं काय सांगू. एप्रिल-मेमध्ये कंद लावा, पाणी साचू देऊ नका. एकेरी हवा असेल तर ‘प्रज्वल’ आणि ‘शृंगार’, दुहेरी हवा असेल तर ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ या जाती मागा.

प्रश्न : आमच्या जंगलात उन्हाळ्यात, पळस फुलून गेल्यावर, पान नसलेला उंच दांडा जमिनीतून निघतो. त्यावर खाली झुकलेली मळकट रंगाची फुलं असतात. खणलं तर खाली मोठा पांढरा कांदा. म्हातारी माणसं हात लावू देत नाहीत. हा कांदा बागेत लावता येईल का?
— एक वाचक, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, तुमच्या वर्णनावरून हा रानकांदा, कुठे कुठे कोळकांदाही म्हणतात. या सदरात तुमचं पत्र आलं याचा मला विशेष आनंद झाला, कारण हा मस्कारीचाच नातलग आहे, एकाच कुळातला आणि एकाच उपकुळातला. मस्कारी तुर्कस्तानातून येते आणि तिला फ्रिज लागतो. तिचा हा भाऊबंद तुमच्या जंगलात ऐन चैत्र-वैशाखात, पाण्याच्या थेंबाशिवाय फुलतो. आधी फूल, मग पाऊस पडल्यावर पानं, असा त्याचा क्रम आहे. मस्कारी ज्यात सडते तो पाऊस याच्या पानांचा हंगाम आहे.

पण म्हातारी माणसं सांगतात ते ऐका. या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. थोडासा कांदा पोटात गेला तरी उलट्या होतात, जास्त गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात. कुणी खोकल्यावर किंवा मुतखड्यावर घरगुती औषध म्हणून द्यायला लागलं तर घेऊ नका. त्याचा रस कातडीला लागला तर खाज सुटते, फोड येतात. जंगलातून खणून आणू नका. जिथे आहे तिथेच उन्हाळ्यात जाऊन पाहा, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि पावसाळ्यात पानं पाहायला पुन्हा जा. जनावरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत, पण पहिल्या पावसात भुकेली वासरं कोवळ्या पानांना भुलतात, तेवढे दिवस त्या बाजूला सोडू नका. खणताना हात लागलाच असेल तर साबणानं स्वच्छ धुवा आणि तोपर्यंत डोळ्यांना लावू नका.